एक जूनचा जन्म

१९६६ साली आमच्या गावच्या शाळेत जी पोरं पहिलीला बसली, त्यातली निम्मीअर्धी १ जूनला जन्मलेली होती. यात दैवी काही नव्हतं. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली हवीत आणि जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. गुरुजींनी आईला विचारलं, "कधी जन्मला?" आई म्हणाली, "बेंदराच्या आदल्या दिशी. बैलांची शिंगं रंगवायची ऱ्हायली बगा ह्याच्यापायी." गुरुजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६०. दादाची तारीख १ जून. धाकट्या बहिणीची १ जून. एका घरात एकाच दिवशी तीन वाढदिवस, पण एकही साजरा होत नसल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

गुरुजींच्या टाकाच्या त्या एका फटकाऱ्यानं ५९ वर्षांनी मला व्हर्जिनियात घाम फोडला.

सातारा जिल्ह्यातल्या घराला पलटणीचं वेड असायचंच. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, दादा त्याच पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त. मी जरा वाट चुकलो आणि अमेरिकेच्या नौदलात शिरलो. ग्रीन कार्डावर तिथं भरती होता येतं हे मला १९८७ साली कळलं, तेव्हा खिशात त्या कार्डाशिवाय दुसरं काही नव्हतं. पुढची २२ वर्षं स्टोअरकीपर होतो. बोटीवर नटबोल्टापासून टॉयलेट पेपरपर्यंत जे काही लागतं ते माझ्या खिडकीतून जायचं, आणि फॉर्मचा एक रकाना जरी रिकामा असला तरी मी समोरच्याला परत पाठवायचो. त्यात मला आनंद व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या सगळ्यांचे तळतळाट पासष्टीत वसूल झाले.

भरतीच्या वेळी साहेबानं मला सांगितलं होतं, "वीस वर्षं काढ, मग मरेपर्यंत औषधपाणी फुकट." माझ्या आधीच्या पिढ्यांनाही हेच सांगितलेलं. प्रत्यक्षात निवृत्त फौजी ६५ वर्षांचा झाला की त्याला लष्करी विम्यातून बाहेर काढत, 'आता तुला सगळ्या म्हाताऱ्यांसारखं मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, आहे' म्हणून. यावर एका निवृत्त कर्नलनं वकील म्हणून सरकारला कोर्टात खेचलं. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी राहिलेला, मेडल ऑफ ऑनर मिळालेला माणूस. नाव, बड डे. पासष्टावा वाढदिवस झालेल्यांसाठी भांडणाऱ्याचं नाव 'बड्डे' असावं, हा योगायोग फक्त मराठी माणसालाच कळतो. आमच्या बोटीवरच्या मित्रांना समजावून सांगताना मी थकलो. २००२ साली कोर्टानं निकाल दिला की भरती करणाऱ्या साहेबांना असं वचन द्यायचा अधिकारच नव्हता. दावा हरला. पण तोवर अमेरिकन काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लाज वाटली असावी, कारण २००० साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २००१ पासून 'ट्रायकेअर फॉर लाइफ' सुरू झालं होतं, म्हणजे लष्करी विमा (त्याचं नाव ट्रायकेअर) पासष्टीनंतरही.

नाव ऐकून वाटतं, आयुष्यभराची ददात मिटली. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की हे हवं असेल तर मेडिकेअरचा 'ए' भाग हवा आणि 'बी' भागही हवा. 'ए' म्हणजे हॉस्पिटल, ते नोकरीत कापलेल्या करातून आधीच भरून झालेलं. 'बी' म्हणजे डॉक्टर, तपासण्या वगैरे. त्याचा २०२५ चा साधा हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. 'बी' नाही तर ट्रायकेअर नाही, विषय संपला. उशिरा घेतलं तर चुकलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यात दहा टक्के वाढ, आणि तीही सहसा जन्मभर. आणि ट्रायकेअर फॉर लाइफची स्वतःची फी नाही, फॉर्म नाही, कार्डही नाही. 'ए' आणि 'बी' चालू झाले की ते आपोआप लागू होतं. ज्यानं २२ वर्षं तीन प्रतींशिवाय स्क्रू दिला नाही, त्याला 'आपोआप' या शब्दानं झोप लागेल का?

चौसष्टावं लागल्यापासून आमची टपालपेटी भरून वाहायला लागली. विमा कंपन्यांची रंगीत पत्रं. प्रत्येकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनारी हसत चाललेलं. दात घ्या, चष्मा घ्या, कानाचं यंत्र घ्या, जिममध्ये या. "मुलीच्या लग्नाला इतकी स्थळं आली नव्हती," बायको म्हणाली. यातल्या बहुतेकांची मला गरज नव्हती, पण 'शेवटची संधी' असं लाल अक्षरांत लिहिलेलं पाकीट फेकताना हात थरथरतोच.

माझा हिशेब सरळ होता. मेडिकेअरसाठी नाव घालायला सात महिने मिळतात: ज्या महिन्यात ६५ पुरी होतात तो, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. माझा महिना जून. मे महिन्यात निवांत बसून अर्ज भरू. मे मध्येच १४ तारखेला उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणजे तसंही घरी बसायचंच होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नौदलातून चीफ या हुद्द्यावर निवृत्त झालेली मंडळी नेहमीच्या ठिकाणी नाश्त्याला जमलो. माझ्याआधी दोन वर्षं पासष्ट झालेला एक टेक्सासचा गडी आहे, त्यानं पावासारख्या बिस्किटावर ग्रेव्ही ओतता ओतता विचारलं, "डॅन, तुझी तारीख कुठली?" (माझं नाव आळंदीच्या माउलींचं. नौदलात ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच डॅन झालो.) मी म्हटलं, "१ जून." त्यानं ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाला, "मग तू मेलास."

महिन्याच्या १ तारखेला जन्मलेल्यांचं मेडिकेअर वाढदिवसाच्या महिन्यात नाही, त्याच्या आधीच्या महिन्यात सुरू होतं. माझं जूनला नव्हे, १ मेला. मी मे मध्ये अर्ज केला असता तर 'ए' मागच्या तारखेनं मे पासून लागला असता आणि 'बी' जूनपासून. म्हणजे मे चा अख्खा महिना जवळ 'ए' आहे, 'बी' नाही, सबब ट्रायकेअरही नाही. आणि नेमका त्याच महिन्यात माझा डोळा उघडून डॉक्टर आत बघणार.

घरी आल्या आल्या सरकारी फोन लावला. वाट बघायला लावणारं संगीत सुरू झालं. पियानोच्या त्याच चार ओळी, मधूनच एक बाई सांगणार की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे. मी फोन टेबलावर ठेवून मेथी निवडून दिली, एक जुडी संपली, दुसरी संपली, मग बायकोनं लसूण पुढ्यात टाकला. शेवटी एक मुलगी बोलली, आवाजावरून गोड.

"जन्मतारीख सांगता का, सर?"

"कागदोपत्री १ जून १९६०."

फोनवर शांतता. "कागदोपत्री म्हणजे, सर?"

मी बेंदराच्या बैलापासून सुरुवात करणार, एवढ्यात बायकोनं हातातलं उलथनं माझ्या नाकासमोर धरलं. "अहो! एक जून म्हणा. बैल नकोत!" मी म्हटलं, "१ जून. १ जूनच." फोनवरची मुलगी खुद्कन हसली, उलथनं तिला दिसलं नव्हतं, पण बहुतेक ऐकू गेलं.

तिनं समजावून सांगितलं. कायद्याच्या दृष्टीनं माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं. १ जूनवाला ३१ मेला ६५ वर्षांचा होतो, म्हणून त्याचा महिना मे, म्हणून १ मे. बघा म्हणजे, बेंदराच्या आसपास जन्मलेल्या मला गुरुजींनी महिनाभर मागं ओढलं, अमेरिकेच्या कायद्यानं आणखी एक दिवस ओढलं, आणि त्या एका दिवसापायी अख्खा महिना गेला. गुरुजींनी २ जून लिहिलं असतं तर त्यांचं काय जात होतं?

पेन्शनर मंडळींचा समज असतो की मेडिकेअर आपसूक येतं. ज्यांनी आधीच सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे घ्यायला सुरुवात केली आहे त्यांना येतं. माझ्यासारखे, १९६० चे, ज्यांचं पूर्ण निवृत्तीवय ६७ आहे आणि जे थांबलेत, त्यांनी स्वतः अर्ज करायचा. केला. ऑनलाइन, रात्री अकरा वाजता, चष्म्यावर चष्मा लावून.

कार्ड आलं. लाल, पांढरं, निळं आणि चक्क कागदाचं. जगातला सगळ्यात महागडा विमा आणि कार्ड एसटीच्या पासापेक्षा पातळ. माझ्या आतला मराठी माणूस ताबडतोब लॅमिनेशनच्या दुकानाकडे धावला. मुलीनं अडवलं, "बाबा, अमेरिकेत कार्डं लॅमिनेट करत नाहीत." मग मी ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. त्यावरचा नंबर अक्षरं आणि आकडे मिळून अकरा खुणांचा आहे आणि आकड्यांशी गोंधळ नको म्हणून त्यात ओ, आय, एस, बी असली अक्षरं वापरतच नाहीत. ही एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. असल्या गोंधळापायी मी एकदा बोटीवर चारशे बेअरिंगांऐवजी चारशे बादल्या मागवल्या होत्या.

मग नावाचा घोळ. फौजींची सगळी नोंद डीअर्स नावाच्या यादीत असते. नाव ऐकून हरणांचा कळप वाटतो, पण हरीण एकदा निसटलं की विमाही निसटतो. मेडिकेअरची खबर तिथं पोचली तरच ट्रायकेअर फॉर लाइफ 'आपोआप' होणार. सोशल सिक्युरिटीत माझं नाव 'डी'नं सुरू होतं. फौजेच्या कागदावर 'जी'नं. चूक माझीच, १९८७ साली घाईत फॉर्म भरताना माउलींचं स्पेलिंग मला स्वतःलाच दोन प्रकारे येत होतं. डीअर्सच्या खिडकीपलीकडच्या पोरानं, वय असेल बावीस, माझे कागद उलटेसुलटे केले आणि म्हणाला, "चीफ, हा रकाना रिकामा आहे."

मी काही बोललो नाही. रकाना भरला.

१४ मेला डोळ्याच्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं मेडिकेअरचं कार्ड घेतलं आणि विचारलं, "दुसरा विमा?" ट्रायकेअर फॉर लाइफ. "त्याचं कार्ड?" नसतं. "नसतं म्हणजे?" मी फौजेचं ओळखपत्र पुढं केलं. तिनं ते उलटून पाहिलं, परत सुलटं केलं, आत जाऊन एका वयस्क बाईला घेऊन आली. त्या बाईनं एकच नजर टाकली आणि म्हणाली, "हेच ते. नशीबवान आहात." एवढ्यात बायकोनं कौतुकानं स्वतःचं कार्डही काढून दाखवलं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्यामुळे ती अजून जुन्याच ट्रायकेअर सिलेक्टमध्ये. हे नवं प्रकरण माणशी असतं, जोडप्याला नाही. तिच्या कार्डावर माझ्या नावाआधी 'स्पॉन्सर' असं लिहिलंय. लग्नाला ३३ वर्षं झाली, पण आपण 'प्रायोजित' आहोत हे तिला अजून पटलेलं नाही.

महिन्याभरानं हिशेबाचा कागद आला, वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही'. मेडिकेअरनं आपला वाटा दिला, उरलेला ट्रायकेअरनं, वर्षाच्या सुरुवातीला आपल्या खिशातून जायचे ते २५७ डॉलरसुद्धा. तुम्ही देणं लागता: शून्य. बायकोनं कागद तीनदा वाचला. "फोन करून परत विचारा, काहीतरी राहिलं असेल."

मी फोन दादाला केला. त्याच्याकडे ईसीएचएस आहे, माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासूनची. साताऱ्यात पॉलिक्लिनिक, तिथून चिठ्ठी, मग हॉस्पिटल. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा द्यायला जातो. आयुष्यभर रायफल आणि मग खुरपं धरलेला अंगठा, उमटतच नाही. यंत्राच्या मते तो दोनदा वारला आहे. माझी सगळी कहाणी ऐकून तो म्हणाला, "आणि हिकडं आल्यावर आजारी पडलास तर?"

"मेडिकेअर भारतात एक डॉलर देत नाही. ट्रायकेअर देतं. आधी आपण भरायचं, मग पावत्या पाठवून मागायचं. पण 'बी'चा हप्ता तरी चालूच ठेवायचा."

"म्हंजे पाणीपट्टी भर, पन नळ दुसऱ्याचा."

जुलैत कॅलेंडर बघून बायकोनं पुरणपोळी केली. बेंदूर दुसऱ्या दिवशी होता. टपालात 'बी'चं तीन महिन्यांचं बिल आलं होतं, ५५५ डॉलर, ते मी पोळीच्या ताटाशेजारी ठेवलं. दादाचा फोन आला. "काय रं, उद्या बेंदूर. तुजा खरा वाडदिवस आज." माझ्याकडे अजून सकाळ होती, त्याच्याकडे दिवेलागण. मी म्हटलं, "दादा, तुझा खरा कधी रे?"

तो बराच वेळ गप्प होता. मागं म्हशीची घंटा ऐकू येत होती.

"आई म्हनायची, वढ्याला पूर आलता. कुटल्या वरसाचा, ते मातुर तिनं कदी सांगितलं न्हाई."