शेजारी बसूनही आवाज नाही: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की, दोन हँडहेल्ड (हातात धरायचे समुद्री व्हीएचएफ रेडिओ सेट) घेतले, मढला कायाक शेजारी-शेजारी असूनही चॅनल 78 वर एकमेकांचं काही ऐकू आलं नाही, लांबचं तर सोडाच. शिवाय महिन्याभरात चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या, म्हणून पैसे परत हवेत.

आधी 78 चं बघू. आंतरराष्ट्रीय मोडमध्ये हा चॅनल ड्युप्लेक्स असतो, म्हणजे बोलायची आणि ऐकायची फ्रीक्वेन्सी वेगळी. तुमचा सेट बोलतो 156.925 मेगाहर्ट्झवर आणि ऐकतो 161.525 वर, किनाऱ्यावरच्या स्टेशनचं याच्या बरोबर उलटं असतं. दोन कायाक म्हणजे दोघांचंही तोंड एकीकडे, कान दुसरीकडे. मग शेजारी बसून तरी काय ऐकू येणार? अमेरिकी व्हिडिओत दिसतो तो 78ए, तिथला सिम्प्लेक्स, म्हणजे बोलणं-ऐकणं एकाच फ्रीक्वेन्सीवर. तो मोड इथे लावू नका. 72 किंवा 77 वर बोला, ते सिम्प्लेक्स आहेत. 16 हाक मारायला आणि संकटासाठी, गप्पांना नाही. हे काउंटरवरच सांगायला हवं होतं, ती चूक आमची.

आता दोघांनी 72 लावा, पॉवर 1 वॅट, मध्ये शंभरेक मीटर अंतर. स्क्वेल्च (खरखर दाबायची सेटिंग) खरखर येईपर्यंत खाली आणा, मग जेमतेम थांबेल इतकाच वाढवा. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. तरीही आवाज आला नाही तर सेट घेऊन या, लगेच बदलून देऊ.

लांबचं म्हणाल तर कायाकमध्ये अँटेना पाण्यापासून फार तर मीटरभर उंच. या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच पोचतात, म्हणून हिशेबाने दोन कायाकमध्ये 8 किलोमीटर, पण लाटा आणि जॅकेटच्या खिशात आडवा पडलेला सेट त्यातलं बरंच खातात. सेट उभा धरा. 6 वॅटने क्षितिज पुढे सरकत नाही, त्यामुळे महागाचा सेट घ्या असं आम्ही सुचवणार नाही.

आता पिना. त्यांच्यावर मीठ-पाणी असतानाच सेट क्रेडलवर (चार्जिंग स्टँडवर) ठेवला की करंटमुळे त्या गंजतात. आयपीएक्स7 हे पाणी आत न शिरण्याचं मानांकन, म्हणजे गोड्या पाण्यात 1 मीटर खोल, 30 मिनिटं. समुद्राच्या मिठाची हमी त्यात नाही. दर खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मगच चार्जिंग. हिरवटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. पॉलिश पेपर नको, मुलामा निघतो.

फोटोत सेटला लोखंडी हूक दिसतोय, तो काढून दोरी बांधा. तेवढ्या वजनाने तरंगणारा सेटही बुडू शकतो. आधी बादलीत सोडून बघा.

पिना खड्डा पडण्याइतक्या खाल्ल्या असतील तर बॅटरी आणि क्रेडल दोन्ही आणा, बघून सांगतो.