घड्याळ जरूर घाला, फक्त त्यात वेळ बघू नका

तुम्ही अजून मनगटी घड्याळ वापरता? आणि तेही वेळ बघायला? अहो, लोक काय म्हणतील! खिशातला फोन नेटवर्ककडून वेळ घेतो आणि त्या वेळेचे मूळ अणुघड्याळांत असते. सिझियमच्या प्रारणाची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, हे १९६७ सालीच ठरून गेले आहे. एवढा बंदोबस्त असताना तुम्ही मनगटाकडे बघून 'सव्वापाच होत आले' म्हणता? फोन काढा. कुलूप उघडा, तीन मेसेज वाचा, एकाला अंगठा दाखवा, फोन परत ठेवा. किती वाजले ते बघायचे राहिलेच ना? मग पुन्हा काढा.

मात्र घड्याळ सोडू नका. उलट नवे घ्या, आणि महाग घ्या. स्वस्तातले क्वार्ट्झचे घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद चुकते. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो बिचारा, पण त्याचे कौतुक कुणाला? त्यापेक्षा स्प्रिंगचे घ्या. तेवढी चूक ते चार दिवसांत सहज करून दाखवते. तूरबियाँवाले, म्हणजे आतला टिकटिक करणारा भागच सतत गोल फिरवत ठेवणारे, परवडत असेल तर सोन्याहून पिवळे. ब्रेगे नावाच्या घड्याळजीने तूरबियाँचे पेटंट १८०१ साली घेतले. तेव्हाची घड्याळे खिशात दिवसभर एकाच स्थितीत उभी असत आणि गुरुत्वाकर्षणामुळे चुकत. ती चूक भरून निघावी म्हणून ही युक्ती. तुमचे मनगट तर सारखे हलते, म्हणजे तिथे तिचे फारसे काम नाही. किंमत ऐकलीत की हेच पटकन पटेल.

हलण्यावरून आठवले. ऑटोमॅटिक घड्याळाला चावी लागत नाही, ते हाताच्या हालचालीवर चालते. तुमचा हात फोन धरून पुतळ्यासारखा स्थिर, त्यामुळे ते बंद पडणार. घाबरू नका. घड्याळ आत ठेवून गोल गोल फिरवणारी विजेची पेटी विकत मिळते. व्यायाम घड्याळ करील, तुम्ही बसून राहा.

शक्यतो ३०० मीटर खोल पाण्यात चालणारे, पाणबुड्यांचे घड्याळ निवडा. हात धुताना आठवणीने काढून ठेवा.

बैठकीत मात्र मनगटाकडे नजर टाकू नका, बोलणाऱ्याचा अपमान होतो. फोनमध्ये मान घालून अर्धा तास बसलात तरी चालेल, तुम्ही कामात आहात असे समजतात. कुणी वेळ विचारलीच तर बाही मागे सारा, तबकडी नीट दिसू द्या, आणि मग फोन काढून सांगा.

खर्चाची अगदीच हौस असेल, तर 'पर्पेच्युअल कॅलेंडर'वाले घ्या. फेब्रुवारी २८चा की २९चा, हे त्याला आपोआप कळते. एकच अडचण: २१०० हे लीप वर्ष नाही, आणि ही गोष्ट अशा बहुतेक घड्याळांना ठाऊक नसते. त्या वर्षी १ मार्चला तारीख हाताने पुढे सरकवावी लागेल. विसराल हो. आत्ताच फोनमध्ये रिमाइंडर लावून टाका.