मॉरिशसला जाताय? हॉटेलच्या बुफेवर पोट भरू नका

सुट्ट्या जवळ आल्या की इनबॉक्समध्ये हमखास प्रश्न येतो, "तू तीन वर्षं मॉरिशसला होतीस ना? तिथे खायचं कुठे?" यंदा सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते, कारण माझी आतेबहीण नुकतीच आठ दिवस तिथे राहून आली आणि तिने दालपुरी खाल्लीच नाही. दोन्ही वेळा रिसॉर्टचा बुफे. वाटेत गाडी थांबवा म्हणाली, तर टूरवाल्याने "रस्त्यावरचं नको, पोट बिघडेल" म्हणून थांबूच दिलं नाही. पनीर बटर मसाला खाऊन परत आली बिचारी. मला फार वाईट वाटलं.

मंडळी, तिथली दालपुरी चुकवू नका. राजधानी पोर्ट लुईत, रोझ हिल गावात, कुठल्याही बसस्टँडजवळ काचेची पेटी लावलेली गाडी दिसली की थांबा. आत फडक्याखाली पिवळसर, मऊ, पातळ पुऱ्यांची चळत असते. नाव पुरी, पण तळत नाहीत, तव्यावर भाजतात. मागायची ती "एन पेर" म्हणून, म्हणजे एक जोडी. एक सुटी कोणी घेत नाही. विकणारा दोन पुऱ्या बोटांनी अलगद सोडवतो, कागदावर पसरतो, त्यावर डबल बीची रस्सेदार भाजी, टोमॅटोचं रुगाय, म्हणजे मसालेदार दाट रस्सा, आणि चटणी घालतो. मग विचारतो, "एक पिमाँ?" पहिल्या दिवशी मला वाटलं, एकच मिरची का विचारतायत? नंतर कळलं की क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, 'एक' म्हणजे 'सोबत'. मिरची घालू का, एवढंच. हो म्हणा, पण तिखट जपून. कागदात गुंडाळून हातात येते आणि उभ्या उभ्याच खायची असते. घास घेतला की आतली भुरभुरीत डाळ जिभेवर सुटते, जिऱ्याचा वास येतो आणि बोटं हळदीने पिवळी होतात. रोझ हिलचं 'देवा अँड सन्स' प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. पण मला आमच्या कात्र बोर्नच्या बाजाराबाहेरची गाडी जास्त जवळची. दुपारपर्यंत तिथला माल संपलेला असायचा.

आपल्या पुरणपोळीची ही बिनगुळाची बहीण. डाळ शिजवायची, वाटायची, कणकेत भरायची, लाटायची. आपण डाळीचं वरचं पाणी काढून कटाची आमटी करतो, तिथे बऱ्याच घरी त्याच पाण्यात पीठ भिजवतात. ही मूळची बिहारकडची दालपुरी, उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या गिरमिटियांबरोबर, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांबरोबर, बेटावर पोचली. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरली, तो आप्रवासी घाट बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. २००६ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. ती माणसं ज्या सोळा पायऱ्या चढून आत आली, त्या बघून या आणि मग दालपुरी खा. हा क्रम मी प्रत्येकाला सांगते. त्या माणसांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

आमच्या शेजारच्या आजी त्या मराठी वंशजांतल्याच. दिवसभर क्रिओल बोलायच्या, गणपतीत आरत्या मात्र मराठीत. त्यांच्याकडून मी भाजीबाजार शिकले. कोथिंबीर म्हणजे 'कोतोमिली', चटणी म्हणजे 'सातिनी', अळूची पानं म्हणजे 'ब्रेद सोंज', शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम'. पाल्याचं पातळ सार, भात आणि सुक्या माशाचं रुगाय असं त्यांच्याकडचं जेवण मला कुठल्याही मोठ्या हॉटेलात मिळालं नाही. कोणी घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

शाकाहारी मंडळी उगाच घाबरतात. सकाळी 'गातो पिमाँ' घ्या, म्हणजे छोटे, कुरकुरीत, मिरची घातलेले डाळवडे. पावाला लोणी लावून आत चार-पाच वडे दाबून देतात. आपल्या वडापावच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. पोर्ट लुईच्या बाजारात 'आलुदा' प्या. दूध, सब्जा, अगर-अगर आणि भरपूर बर्फ, म्हणजे आपल्या फालुद्याचंच भावंड. 'आलुदा पिल्ले'समोर गर्दी असते, तरी थांबा.

मासे खाणाऱ्यांनी 'विंदाय' शोधावं. तळलेला मासा किंवा शिजवलेला ऑक्टोपस, मोहरी, हळद, लसूण, व्हिनेगर आणि अख्खे छोटे कांदे. गोव्याच्या विंदालूचं आणि याचं मूळ एकच, पोर्तुगीजांचं. पण चव अगदी वेगळी, मोहरीच्या अंगाने जाणारी. ताजं खाऊ नका, दुसऱ्या दिवशी गार झालेलं, पावाबरोबर खा. मुरलेल्या लोणच्यासारखं लागतं.

चायनाटाउनमधले 'बुलेत' राहिलेच. गरम रश्शात सोडलेले वाफवलेले गोळे, हवे ते बोट दाखवून निवडायचे. त्यातले 'सूसू'चे, म्हणजे आपल्याकडे चौचौ म्हणतात त्या वेलीवरच्या फळभाजीचे, माझे सर्वांत आवडते.

हे सगळं इतक्या तळमळीने लिहितेय त्याचं कारण साधं आहे. बुफेत जे मिळतं ते दुबईत मिळतं, बालीत मिळतं, पुण्यातही मिळतं. दालपुरीच्या गाडीवर मात्र बिहार, कोकण, तमिळनाडू, आफ्रिका, चीन, फ्रान्स सगळे एका रांगेत उभे असतात. शिवाय तुमचे पैसे थेट पहाटे चारला उठून डाळ वाटणाऱ्या माणसाच्या हातात जातात. टूर ठरवताना 'जेवणासह' पॅकेज घेऊ नका, फक्त नाश्ता घ्या. तुम्ही आग्रह धरलात तर गाडी थांबते.

आणि एक. विमानतळ दक्षिणेला आहे, माहेबुर्गपासून जवळच. तिथला मोठा बाजार सोमवारी भरतो. त्याच गावात १८७० पासून चालू असलेला 'रोल'चा बिस्किट कारखाना आहे. कसाव्याची, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाची बिस्किटं तव्यावर भाजतात, खाली उसाची वाळलेली पानं जाळतात. सोमवारी उतरणार असाल तर बॅगा गाडीतच ठेवा आणि हॉटेलच्या आधी माहेबुर्गला जा.