टोपॉलॉजी नकाशातली प्रत्येक रेषा म्हणजे केबल नव्हे

‘नेटवर्क स्कॅनर (जोडलेली उपकरणं शोधणारा प्रोग्राम) एकदा चालवला की जो टोपॉलॉजीचा, म्हणजे कोण कुणाला जोडलंय याचा, नकाशा उमटतो तेच तुमचं नेटवर्क, रॅकपाशी (उपकरणांच्या कपाटापाशी) जायची गरजच नाही’, असा दावा बराच फिरतो. नकाशाचा कच्चा खर्डा म्हणून हे चालेल, पण त्यापुढे नाही.

‘सगळी उपकरणं सापडतात.’ विंडोजचा फायरवॉल बरेचदा पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) गिळून टाकतो. त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच तुकड्यात) एआरपी स्कॅन, म्हणजे आयपीवरून मॅक अ‍ॅड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) विचारणारा स्कॅन, केला तर तेच मशीन उत्तर देतं, कारण एआरपीशिवाय कुणाचंच भागत नाही. म्हणून स्कॅनर प्रत्येक व्हीएलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या प्रत्येक आभासी नेटवर्कमध्ये) बसवा, नाहीतर राउटरचं एआरपी टेबल एसएनएमपीने (उपकरणांची माहिती दुरून वाचायच्या प्रोटोकॉलने) वाचा. अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेल्या, साध्या) स्विचला आयपीच नसतो, तो कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. त्याची खूण अशी: एका पोर्टवर पाच-सहा मॅक अ‍ॅड्रेस, पण एलएलडीपीने (उपकरणं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) कळलेला शेजारी एकही नाही. तिथे व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हरही असू शकतो. मग जाऊन बघायलाच हवं.

‘रेषा म्हणजे केबल.’ इथेच सगळा घोळ आहे. झेनमॅप या स्कॅनरच्या नकाशातली वर्तुळं ट्रेसरूटच्या हॉपवरून, म्हणजे वाटेत लागलेल्या राउटरांवरून, काढलेली असतात. साधा स्विच टीटीएल (पॅकेटमधला, प्रत्येक राउटरवर एकने घटणारा आकडा) कमी करत नाही, त्यामुळे दोन राउटरांमधले तीन स्विच एका रेषेत गडप होतात. केबलचा माग काढायला एलएलडीपी लागतं. ते साधारणपणे दर 30 सेकंदांनी आपली ओळख पाठवतं आणि ती शेजाऱ्याकडे 120 सेकंद टिकते. तेही डोळे झाकून मानू नये. या फ्रेम स्विचने पुढे सोडायच्या नसतात, पण काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विच सोडतात. मग दोन बाजूंचे स्विच नकाशात थेट जोडलेले दिसतात आणि मधला डबा गायब!

‘नकाशा ताजाच असतो.’ स्विचवरची मॅक नोंद (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर) बहुधा 300 सेकंदांत पुसली जाते, तर सिस्को राउटरची एआरपी नोंद मुळात 4 तास राहते. गप्प बसलेला प्रिंटर एका यादीत असतो, दुसरीत नसतो. आधी सबनेट पिंग करा, लगेच दोन्ही टेबलं वाचा. (काही सिस्को स्विचवर मॅक टेबल एसएनएमपीने व्हीएलॅननिहाय मागावं लागतं, नाहीतर फक्त व्हीएलॅन 1 मिळतो.)

‘दोन रेषा म्हणजे दोन चालू मार्ग.’ स्पॅनिंग ट्रीने (एसटीपी, नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून जादा मार्ग बंद ठेवणारा प्रोटोकॉल) अडवलेल्या पोर्टवरही एलएलडीपी चालतंच. पोर्टची एसटीपी स्थिती वेगळी वाचा आणि अडवलेली रेषा तुटक काढा.