एक तारा देणाऱ्या काकांना दुकानातर्फे उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही इंटरनेटवर आमच्या दुकानाला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर रविवारी रात्री मुलीने वाचून दाखवला. लगेच उत्तर दिलं नाही, तेव्हा दिलं असतं तर ते वाचण्यासारखं झालं नसतं. सोमवारी सकाळी तुमच्या कामाची चिठ्ठी शोधली, तुमच्या लॉनचं गवत कापायच्या मशीनचे काढलेले जुने भाग टेबलावर मांडले, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. आता लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाच दिवसांचा वायदा करून सतरा दिवस लावले. ₹ २,३५० घेतले, त्यात इंजिनातल्या ₹ ४०च्या चावीला ₹ ६०० मजुरी. पंधरा दिवसांत लॉनचं मशीन उजवीकडे ओढायला लागलं, मग पांढरा धूर. फोन उचलत नाहीत, जुने भाग परत दिले नाहीत. आणि शेवटचं वाक्य, 'चांगलं चालतं मशीन यांनी बिघडवून दिलं.'

उशिराचं मान्य. चाक फिरवणारी दातेरी पिनियन बडोद्यात मिळाली नाही, बाहेरून मागवली, ती आली तेव्हा गणपती बसलेले आणि आमचा कारागीर मंडळाच्या आराशीत. पण हे सगळं तुम्हाला एक फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. ग्राइंडर चालू असला की रिंग ऐकू येत नाही हे खरं, संध्याकाळी मिस्ड कॉल दिसतात हेही खरं. जुने भाग डब्यात तुमच्या नावाच्या चिठ्ठीसकट ठेवले आहेत, ते तुमचेच.

आता उजवीकडे ओढण्याबद्दल. इथे चूक आमची आहे.

तुमच्या मशीनमध्ये इंजिनाखालून पट्टा मागच्या गिअरबॉक्सला जातो, आणि गिअरबॉक्सचा दांडा दोन्ही मागच्या चाकांपर्यंत. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी दातेरी पिनियन, ती चाकाच्या आतल्या दात्यांत बसते. पण पिनियन दांड्याला जखडलेली नसते. मध्ये नखाएवढी लोखंडी खिट्टी असते. मशीन आपल्या जोरावर चालत असताना ती पिनियनला धरते, आणि चाक दांड्यापेक्षा पुढे पळायला लागलं की सोडते. म्हणून तर वळणावर बाहेरचं चाक मोकळं फिरतं. तुमच्या उजव्या पिनियनचे दाते झिजून गेले होते, ती नवी टाकली. खिट्टीची एक कड गोल झाली होती, ती फिरवून कोरी कड कामाला लावली. हा आमच्या धंद्यातला जुना जुगाड आहे, पैसे वाचतात आणि बरेचदा टिकतोही. मग मशीन दुकानासमोरच्या सिमेंटवर चालवलं. सरळ गेलं. आम्ही खूश, बिल तयार.

पण सिमेंटवर चाकाला जोर तो किती लागणार? खरी परीक्षा ओल्या गवतात, मागची पिशवी गच्च भरलेली असताना. तिथे ती खिट्टी निसटते, उजवं चाक मागे राहतं आणि डाव्याच्या जोराने मशीन उजवीकडे फिरतं. तुमच्या व्हिडिओत अगदी तेच दिसतंय. दांडिया बाजारात लॉन कुठून आणू, इथे गवत उगवतं ते गटाराच्या कडेला, हे कारण मी कारागिरापुढे करून पाहिलं. तोच म्हणाला, मग गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चालवायचं. त्याचं बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या नव्या टाकून देतो, भागाचे पैसे नाहीत, मजुरी नाही. आणि या वेळी तुमच्याच लॉनवर, तुमच्यासमोर, पिशवी भरेपर्यंत चालवून दाखवतो.

धुराचं मात्र वेगळं आहे. व्हिडिओत सोळाव्या सेकंदाला तुम्ही पात्याखाली चिकटलेलं ओलं गवत खरवडण्यासाठी मशीन आडवं केलंय, आणि एअर फिल्टरची बाजू जमिनीकडे आहे. तसं केलं की तळातलं तेल कार्बोरेटरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरतं. मग चालू केल्यावर ते जळतं, तोच पांढरा धूर. इंजिन बिघडलेलं नाही. फिल्टर बदलायचा, तेलाची पातळी पाहून कमी झालेलं भरायचं, मग दहाएक मिनिटं चालू ठेवलं की उरलेलं जळून जाईल. फिल्टरचे पैसे घेईन, बसवण्याचे नाही. मशीन आडवं करताना फिल्टर नेहमी वर, आणि त्याआधी प्लगची वायर काढलेली, कारण पातं हाताने फिरलं तरी इंजिन एखादा ठोका देऊ शकतं. हे मशीन देताना सांगायला हवं होतं का? हो. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्याला वाटतं की हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

चावीच्या मजुरीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, आणि इंजिनाचा मुख्य दांडा यांच्या खाचेत बसणारी ती चावी मुद्दाम मऊ धातूची असते. पातं दगडावर किंवा पाण्याच्या नळीच्या तोंडावर आदळलं की आधी ती कापली जावी, महागडा दांडा वाचावा, म्हणून. तुमची अर्धी कापली गेली होती, त्यामुळे ठिणगी भलत्या वेळी पडत होती. ती ₹ ४०ची चावी बसवायला वरचं झाकण, टाकी आणि दोरीचा स्टार्टर उतरवावा लागतो. फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं, ते पुलर लावून काढायचं, हातोडा मारला तर तडकतं. मग ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलचं फ्लायव्हीलपासूनचं अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं, पाव मिलिमीटरच्या आसपास, परत लावायचं. प्लग काढून दोरी हळूहळू ओढत दांडा वाकलाय का तेही पाहिलं. वाकलेला असता तर मीच म्हटलं असतं, काका, यावर एक रुपयाही घालू नका.

राहिलं 'चांगलं चालतं मशीन'. हे वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही ते रिक्षातून उतरवलंत तेव्हा ते चालू होत नव्हतं. दोरी ओढली की उलटा हिसका बसायचा, सुजलेला अंगठा तुम्हीच मला दाखवलात. तेल काढलं ते दुधाळ चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं. कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी पाणी, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजलेला. पट्ट्याच्या कव्हराखाली आणि दोन्ही चाकांच्या आत वाळून कडक झालेला बारीक गाळ. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्यानंतर असा गाळ आम्ही पाण्याच्या पंपांतून काढलाय, जनरेटरांतून काढलाय. तुमचं मशीनही कधीतरी पाण्यात बसून आलंय, असा माझा अंदाज. दाते आणि खिट्टी त्याच गाळाने खाल्ली. विकणाऱ्याने तुम्हाला वरून पुसून, चकचकीत करून दिलं, त्यात तुमचा काय दोष? पण माझाही नाही. मशीन आलं त्या दिवशीचे फोटो माझ्याकडे आहेत. ते इथे टाकत नाही, तुम्ही याल तेव्हा दाखवतो.

डावी पिनियन मी अजून बदललेली नाही. तिचे दाते अर्धे शिल्लक आहेत. हा मोसम निघेल, पुढच्या पावसाळ्याचं सांगू शकत नाही. तेव्हा ती आत्ता मागवायची की थांबायचं हे तुम्ही ठरवा. उजव्या-डाव्या पिनियनी वेगळ्या असतात, त्यामुळे इंटरनेटवरून स्वतः मागवणार असाल तर आधी मला विचारा.

गुरुवारी दुपारनंतर मी दुकानात आहे. रिक्षाचं भाडं माझ्याकडे लागलं, रिक्षाही मीच पाठवतो. टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनाभर पडलेलं तर मुळीच वापरू नका. आणि रिक्षावाल्याला मशीन उभंच ठेवायला सांगा. आडवं करावंच लागलं तर फिल्टर वर.