एप्रिलमधी १३४ युनिट पडले म्हणून आम्ही गरीब राहिलो नाही

कालपासून डोकं फिरलंय. सरकारी योजनेतून घरावर सोलर बसवायचं म्हणून तिसरी खेप होती माझी लाइटच्या ऑफिसात, तीन खेपात तीन हाफ डे गेले, आणि शेवटी खिडकीतला साहेब स्क्रीनकडं बघत म्हणतो, तुमचं नाही बसत. काऊन? तर म्हणे एप्रिलमधी तुमचे १३४ युनिट आहेत, मे मधी १२९, कुठल्याच महिन्यात शंभराच्या वर जाता कामा नये. अहो साहेब बाकीचे दहा महिने बघा की, साठ-सत्तर, आता थंडीत तर तीस-पस्तीस येतंय! नाही म्हणे, सिस्टीम घेत नाही.

स्कीम चांगली आहे, खोटं कशाला बोलू. राज्य सरकारची स्मार्ट म्हणून सोलरची योजना, शंभर युनिटच्या आतल्या घरांसाठी. एक किलोवॉट साधारण ५० हजाराला पडतं, त्यात केंद्राचे ३० हजार, राज्याचे १० हजार, आपण १० हजार भरायचे, दारिद्र्यरेषेखालच्याला तर फक्त अडीच हजार. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात, म्हणजे आमच्यासारख्याचं बिल जवळपास संपलंच. दहा हजार मी भिशीतून उचलले बी होते.

पण एप्रिल-मे मधी युनिट का वाढले हे कोणी विचारत नाही ना. घर पत्र्याचंय. औसा तालुक्यात आमचं गाव, पूर्वी माळवद होतं, लाकडी सरं, वर हातभर पांढरी माती, माय म्हणते उन्हाळ्यात दुपारी आत गेलं की पंख्याची सुद्धा गरज नसायची. मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. त्या माळवदाच्या मातीखाली आन् दगडी भिंतीखाली माणसं दबून मेली हे डोळ्यानं बघितलेल्या माणसाला परत माळवद घाल म्हणायची कोणाची हिंमत आहे? आजानं माळवद उतरवलं, पत्रे टाकले. जीव वाचवायला टाकले हो पत्रे, हौस म्हणून नाही. आता उन्हाळ्यात दुपारी दोनला त्या पत्र्याचा कट-कट आवाज येतो, खालच्या स्टीलच्या हंड्यातलं पाणी चहाला चालेल एवढं गरम होतं, आणि लेकराच्या पाठीवर घामोळ्याचा नुसता पट्टा. तेव्हा कूलर लावायचा नाही तर काय हातपंखा घेऊन बसायचं?

रात्री बसून हिशोब केला मी. दोन जुने पंखे, ७५ वॉटचे, दिवसाला सोळा तास, झाले महिन्याला ७२ युनिट. कूलर १८० वॉट, दहा तास, ५४ युनिट. उरलेले आठ युनिट बल्ब आणि टीव्हीचे. १३४ बरोब्बर! बल्ब तर आधीच एलईडी, ते उजालाचे ९ वॉटवाले, २०१५ ला ती स्कीम आली, त्यातून स्वस्तात घेतलेले. बल्ब आले गावात, पंखे काही आले नाहीत. आणि खातंय कोण तर पंखा आणि कूलर. ते नवीन बीएलडीसी पंखे येतात ना, २८-३० वॉटचे, ते दोन असते तर ७२ चे २९ झाले असते आणि माझा एप्रिल आला असता ९१ वर, शंभराच्या आत! पण एकेक पंखा अडीच-तीन हजाराला, ते पैसे असते तर मी कशाला त्या खिडकीसमोर दात काढत उभा राहिलो असतो.

म्हणजे बघा, घर तापतं म्हणून युनिट वाढतात, युनिट वाढतात म्हणून सोलर नाही, आणि सोलर बसलं असतं तर त्या प्लेटांच्या सावलीनं पत्रा तरी थोडा कमी तापला असता. ज्याच्या घरावर स्लॅब आहे, भिंती गार आहेत, तो शंभराच्या आत राहतो, त्याला मिळतं.

बाजूच्या टेबलावरचा एक जण मला शहाणपणा शिकवतो, पत्र्यावर गोणपाट टाकून पाणी मारा, गार राहतं. मारतो ना, माय मारते रोज, शिडीवर चढून, साठ वर्षाची बाई. पण ज्या लातूरला २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं उन्हाळ्यात पत्र्याला पाजायला पाणी कुठून आणू? चुना मारून बघितला, पहिल्या वळवात धुऊन गेला.

मग साहेब काय म्हणावा, केंद्राच्या मोठ्या सूर्यघर योजनेत जा, तिथं युनिटची अट नाही. हो, ३० हजार सबसिडी तिथं बी आहे, पण वरचे वीस हजार कुठून? भिशीवाला माझा सासरा आहे का? आणि जाता जाता वर म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात जरा जपून वापरा, मग बघू.

जपून वापरा! थंडीत बी त्यांच्या डोक्यावर एसी चालू होता, मी स्वतः बघितला, २२ वर.