‘एवढंच सांगायला साडेचार हजार?’ याबद्दल आमच्याकडून

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. दोन स्टार. तुम्ही लिहिलंय की तुमच्या गेमचं कव्हर तपासायला आम्ही चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, ४,५०० रुपये घेतले, आणि शेवटी सांगितलं काय, तर ‘नाव मोठं करा, मागचं उजळ करा’. हे तर तुमच्या रूममेटनंही फुकटात सांगितलं असतं.

उशिराबद्दल माफी मागते. अकरा दिवस लागले हे खरं आहे. पोळ्याच्या आठवड्यात आमच्याकडची एक मुलगी सुटीवर होती, आणि तुमचे दोन फोन माझ्याकडून उचलायचे राहिले. ते व्हायला नको होतं.

पण रूममेटचं वाक्य मला लागलं. नागपुरात गोकुळपेठेत दोन खोल्यांत आम्ही तिघं बसून गेमची कव्हरं तपासायचं काम करतो. नवीन माणूस आधी रिव्ह्यू बघतो आणि मग फोन करतो. परवाच एकानं विचारलं, “मॅडम, तुम्ही फक्त अक्षरं मोठी करायला सांगता का?” म्हणून इथेच, सगळ्यांसमोर, सविस्तर लिहिते आहे. गेमचं नाव मात्र लिहीत नाही.

तुमचं कव्हर आलं तेव्हा मी ते मोठ्या स्क्रीनवर पाहिलं आणि मला आवडलं. काळ्या मारबतीचा, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात मिरवणुकीनं नेतात त्या पुतळ्याचा चेहरा, त्यावर मशालीचा उजेड, मागे आपल्या इतवारीची गल्ली. चित्रकारानं मेहनत घेतली आहे, आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत मी तसं लिहिलं होतं. पण स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, तुमचा गेम कुणी मोठ्या स्क्रीनभर बघणार नाही. कव्हरच्या चित्राला तिथे कॅप्सूल म्हणतात. छोट्या कॅप्सूलसाठी ते ४६२ बाय १७४ पिक्सेलची फाइल मागतात, आणि शोधाच्या यादीत तीच १२० बाय ४५ होऊन बसते. म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. वर-खाली दुसऱ्यांचे गेम, आणि स्टीमचं पान मुळात गडद निळं. त्या आकारात तुमच्या कव्हरची काळी कड पानातच विरघळली. मध्ये फक्त दोन डोळे राहिले.

आता नावाचं बघा. तुमचं नाव देवनागरीत तीन शब्दांचं, दोन ओळींत, आणि खाली रोमन लिपीत उपशीर्षक. ४५ पिक्सेलच्या उंचीत दोन ओळी बसवल्या की एकीला जेमतेम बावीस येतात. त्यात वर वेलांटी, खाली उकार. मधल्या अक्षराच्या अंगाला उरतात दहाएक पिक्सेल. शिरोरेषा एका पिक्सेलची होते आणि मागच्या मशालीच्या उजेडात पुसून जाते. रोमन अक्षरांचं तसं होत नाही, त्यांना वरखाली एवढी जागा लागत नाही. म्हणून मी लिहिलं की छोट्या कॅप्सूलवरून उपशीर्षक काढा, नाव एका ओळीत आणा, शिरोरेषा जाड करा आणि चेहरा उजवीकडे सरकवा. चारही गोष्टींची नमुना चित्रं जोडली होती. तुम्ही त्याला ‘नाव मोठं करा’ म्हणालात. नुसतं मोठं केलं असतं तर ते चेहऱ्यावर चढलं असतं, भाऊ.

माझे वडील नागपूरच्या महाल भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी झाली की ब्रश धुवायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे, तिथून वाचता आली तरच पैसे मागायचे. मी तेच करते. तुमचं कव्हर दुसऱ्या बारा गेमच्या मध्ये बसवून त्याचा स्क्रीनशॉट केला, फोनवर घेतला आणि दुपारच्या उन्हात गच्चीवर जाऊन पाहिला. मग तोच फोन नऊ जणांपुढे धरला. एक सेकंद दाखवायचा, पालथा करायचा आणि विचारायचं, “गेम कशाचा आहे?” खालच्या चहावाल्यानं लगेच सांगितलं, “भुताचा हाय का ताई?” नऊपैकी सहा जण हेच म्हणाले. दोघांना काही कळलं नाही. मिरवणूक म्हणणारी एकच, आणि ती बाई इतवारीत वाढलेली.

तुमचा गेम भुताचा नाही. मी स्वतः दोन तास खेळले, तोही त्या अकरा दिवसांतच. गर्दीतून पुतळा न पाडता गल्ल्यांतून न्यायचा आहे, वाटेत बडगे, म्हणजे मिरवणुकीतले दुसरे पुतळे, आडवे येतात, बैलगाडी वळत नाही, वेळ संपत जातो. हसूही येतं आणि घामही फुटतो. १८८० च्या दशकापासून नागपुरात ही मिरवणूक निघते आणि ती भर दिवसा निघते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा, माणसांवर माणसं, गच्च्या भरलेल्या. कव्हरवर मात्र रात्र आणि एकटा चेहरा. भुताचा गेम हवा असलेला माणूस आत येईल, व्हिडिओ पाहील आणि परत जाईल. ज्याला धमाल हवी तो क्लिकच करणार नाही. ‘मागचं उजळ करा’ याचा अर्थ एवढा होता. दिवस आणा, गर्दी आणा. अहवालाचं सहावं आणि सातवं पान पूर्ण त्याच्यावरच आहे. ती पानं वाचूनही एका ओळीत संपवली असतील, तर मग मला काय बोलावं कळत नाही.

आणखी एक. कॉलेजच्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाचा सोनेरी बिल्ला तुम्ही कव्हरच्या कोपऱ्यात लावला होता. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या नियमात ते बसत नाही. कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कार, रेटिंग, सवलतीचा मजकूर काही नाही. मी ते लाल अक्षरात लिहिलं होतं. फोनवर तुम्ही म्हणालात, “सगळेच लावतात मॅडम.” काल पाहिलं तर तुमच्या पानावर तो अजून आहे. तुमच्या रूममेटनं हे सांगितलं होतं का, हे मी रागानं विचारत नाही. मला खरंच काळजी वाटते. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे नमुने आठवडाभर फुकट खेळायला मिळतात तो स्टीमचा मेळा, वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला त्यात एकदाच जाता येतं. त्या आठवड्यात कव्हरवरून अडचण आली तर परत संधी नाही. स्टीमवरच्या नोंदणीचे शंभर डॉलर तुम्ही कसे जमवलेत ते तुम्ही मला सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात आहे.

पैशांबद्दलही सांगते. आमचा दर ६,००० होता. तुम्ही ४,५०० म्हणालात, मी हो म्हटलं, कारण आपल्या गावचा मुलगा मारबतीवर गेम करतोय याचा मला आनंद झाला होता. दर कमी केला म्हणून काम कमी केलं नाही. छोटी कॅप्सूल, हेडर, मुख्य, उभी, लायब्ररीची, सगळे आकार तपासले. नमुना चित्रं वेगळी करून दिली, त्यांचे पैसे लावले नाहीत. हे बोलून दाखवायचं नव्हतं, पण तुम्ही ‘फुकटात’ हा शब्द लिहिलात.

यापुढे मुदत सांगताना सणवार धरून सांगू, आणि मधल्या काळात काम कुठवर आलं ते कळवत जाऊ. अहवालही थोडा सोपा करायचा विचार आहे, म्हणजे महत्त्वाचं आधी येईल. फोनचंही बघतो.

तुमची लेयरची फाइल आमच्याकडे जपून ठेवली आहे. चित्रकारानं नवीन कव्हर केलं की पाठवा, मी परत एकदा बघून देईन, त्याचे पैसे नकोत. दुकानावर आलात तर चहावाल्यालाही तुमच्यासमोरच दाखवू. फक्त तो बिल्ला आजच काढा.